शाळेंतील संगणक : योजनेचा आरंभ कोठें?

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं कांहीं कामानिमित्त एका खेड्यांत गेलों असतां तेथील सरकारी शाळा पाहण्याचा योग आला. शाळा मोठी टापटिपीची होती. भिंतींवर मुलांनीं काढलेलीं चित्रें होतीं, ओसरीवर चपलांच्या सरळ ओळी होत्या, आणि टोकाच्या खोलीवर निळ्या रंगानें ‘संगणक कक्ष’ अशीं ठळक अक्षरें रंगविलेलीं होतीं. त्या खोलीस मात्र कुलूप होतें. मुख्याध्यापकांनीं किल्ली मागविली, ती सांपडण्यास कांहीं वेळ लागला, आणि दार उघडलें तेव्हां आंत दहा संगणक एका रांगेंत झांकून ठेवलेले दिसले. प्रत्येकाच्या आच्छादनावर हळदकुंकवाचीं बोटें उमटलेलीं होतीं व मागल्या दसऱ्याच्या झेंडूच्या वाळक्या पाकळ्या तशाच पडून होत्या. यंत्रांची पूजा यथासांग झाली होती. त्यानंतर त्यांना कोणी हात लावलेला दिसत नव्हता.

मीं कारण विचारलें तेव्हां मुख्याध्यापक कांहींसे संकोचून म्हणाले, “हीं यंत्रें डेडस्टॉक रजिस्टरांत माझ्या सहीनें चढलेलीं आहेत. एखादें बिघडलें तर दुरुस्तीस पैसा नाहीं. हरवलें तर जबाबदारी माझी. शिकविणारा माणूस होता, त्याचा करार संपला आणि तो गेला. आमच्यापैकीं कोणास हा विषय शिकविण्याचें शिक्षण कधीं मिळालेलें नाहीं. आतां आपणच सांगा, कुलूप लावूं नको तर काय करूं?”

श्रोतेहो, ह्या गृहस्थांस आळशी म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांच्या जागीं आपण असतों तर आपणहि कुलूपच लावलें असतें. त्या कुलपाची तरतूद मूळ योजनेंतच झालेली होती. ज्या कागदावर ‘दहा संगणक’ असें लिहिलें गेलें, त्या कागदावर शिकविणारा कोण, वीजबिल कोणी भरावयाचें, बिघडलेलें यंत्र कोणाकडे न्यावयाचें, आणि आठवड्याच्या वेळापत्रकांत त्यासाठीं तास कोणता, ह्यांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर नव्हतें. आजच्या भाषणांत मला ह्याच प्रश्नांविषयीं बोलावयाचें आहे. सार्वजनिक शाळांत यंत्रविद्या व संगणकविद्या शिकवावयाची झाल्यास योजनेचा आरंभ कोठून करावा?

केंद्र सरकार ‘युडायस प्लस’ या नांवानें देशांतील शाळांची दरसाल मोजदाद करतें. तिच्याप्रमाणें २०२३-२४ सालीं सुमारें ५७ टक्के शाळांत चालू स्थितींतील संगणक होते व सुमारें ५४ टक्के शाळांत इंटरनेटची जोडणी होती. ह्यांत सरकारी व खाजगी अशा दोन्ही प्रकारच्या शाळा आल्या. मोजदाद आवश्यक आहे यांत शंका नाहीं. पण मीं पाहिलेले ते दहा संगणक बटण दाबतांच सुरू झाले असते, म्हणजे मोजणीच्या दृष्टीनें ते ‘चालू’च होते. यंत्र चालू असणें आणि शिक्षण चालू असणें ह्या दोन गोष्टींमधील अंतर अशा कोष्टकांत उमटत नाहीं.

हा घोळ आजचा नाहीं. संगणक शाळेंत आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न ज्या देशांनीं केला त्यांत इंग्लंड प्रमुख होय, आणि नभोवाणीच्या श्रोत्यांस ऐकून मौज वाटेल कीं तेथें त्याचा पुढाकार बी. बी. सी. नें घेतला होता. १९८१ च्या डिसेंबरांत ‘बी. बी. सी. मायक्रो’ नांवाचा संगणक बाजारांत आला, आणि लागलीच १९८२ च्या जानेवारींत संगणकाचा परिचय करून देणारी दूरचित्रवाणीवरील मालिका सुरू झाली. यंत्र, मालिका व पुस्तक ह्यांची आंखणी एकत्रच झालेली होती. शाळांनीं यंत्र घ्यावें म्हणून तेथील सरकारनें निम्मी किंमत स्वतः सोसली. आपल्याकडे १९८४-८५ सालीं ‘क्लास’ या नांवाची जी योजना निघाली, तींत सुमारें अडीचशें शाळांस हाच बी. बी. सी. मायक्रो देण्यांत आला. यंत्र आलें, पण त्याच्या भोंवतीं तेथें जें उभें केलेलें होतें तें सारें आपल्याबरोबर आलें नाहीं. कांहीं वर्षांनीं यंत्र जुनें झालें आणि योजनाहि मागें पडली.

पुढें डिसेंबर २००४ मध्यें माध्यमिक शाळांकरितां केंद्राची नवी योजना आली. ती राबवितांना अनेक राज्यांनीं ठेक्याची पद्धत पत्करली. कंपनीनें संगणक आणावयाचे, मांडावयाचे, शिकविणारा माणूसहि आपलाच नेमावयाचा, आणि ठराविक मुदतीनंतर, बहुधा पांच वर्षांनंतर, सर्व सामान शाळेच्या हवालीं करावयाचें. कागदावर ही व्यवस्था अत्यंत सोयीची दिसते. पण विचार करा, पांच वर्षांनीं शाळेच्या हातीं काय येतें? पांच वर्षें वापरलेलीं यंत्रें येतात, आणि तीं चालविण्याचें ज्यास माहीत आहे तो माणूस नेमका त्याच दिवशीं निघून जातो. मधल्या काळांत शाळेंतील कायम शिक्षक त्या खोलीकडे फिरकलेला नसतो, कारण ती खोली ‘त्यांची’ असते. आमच्या मुख्याध्यापकांच्या बोलण्यांतील ‘करार संपला’ या दोन शब्दांत हा सारा इतिहास आहे.

ह्याच्या उलट वाट धरणारें एक राज्य आपल्याच देशांत आहे, आणि त्याची हकीकत जरा विस्तारानें सांगण्यासारखी आहे. केरळ सरकारनें २००१ सालीं ‘आयटी ॲट स्कूल’ ही योजना सुरू केली. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे माजी अध्यक्ष प्रा. यू. आर. राव यांच्या नेतृत्वाखालील मंडळाच्या शिफारशींवरून ती आंखण्यांत आली. त्या योजनेंतील सर्वांत दूरगामी निर्णय माणसांविषयींचा होता. संगणक शिकविण्यासाठीं बाहेरचा मास्तर आणावयाचा नाहीं; शाळेंत गणित, विज्ञान, मल्याळम, समाजशास्त्र शिकविणारे जे शिक्षक आधींच आहेत, त्यांनाच तयार करावयाचें असें ठरलें. शिक्षकांतूनच कांहीं निवडून त्यांना इतर शिक्षकांचे शिक्षक बनविण्यांत आलें, आणि प्रत्येक माध्यमिक शाळेंत एका शिक्षकाकडे ह्या कामाची सूत्रें सोंपविण्यांत आलीं. वयाची पंचेचाळिशी उलटलेल्या भाषाशिक्षकास कंपनीच्या विशीतल्या पोरासमोर ‘मला हें येत नाहीं’ म्हणणें किती जड जात असेल! तेंच तो शेजारच्या शाळेंतील आपल्या बरोबरीच्या शिक्षकास मोकळेपणानें विचारतो. शिक्षणखात्यांत काम केलेल्या कोणासहि ह्या गोष्टीचें मोल सांगावयास नको.

दुसरा निर्णय सॉफ्टवेअरसंबंधींचा, म्हणजे संगणकास काम कसें करावें हें सांगणाऱ्या आज्ञावलींसंबंधींचा. बाजारांत विकत मिळणारी आज्ञावली ही भाड्याच्या घरासारखी असते. राहावयास मिळतें, पण भिंतीस खिळा ठोकावयाचा तर मालकास विचारावें लागतें, आणि भाडें थकलें कीं बाहेर. ह्याउलट ‘मुक्त’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आज्ञावलींची रचना सर्वांस उघडी असते. ती कोणींहि उतरून घ्यावी, तपासावी, आपल्या गरजेप्रमाणें बदलावी. शिक्षकांच्या संघटनांनीं ह्या बाबतींत आग्रह धरला, आणि कांहीं वर्षांतच केरळच्या शाळांतील संगणक लिनक्स या मुक्त प्रणालीवर आले. सरकारनें शाळांसाठीं तिची स्वतंत्र आवृत्ति तयार करविली, तींत मल्याळम भाषेची सोय होती. पैसा वांचला ही गोष्ट खरी, पण माझ्या मतें तो लाभ दुय्यम आहे. मुख्य लाभ असा कीं, शिक्षकास यंत्राच्या आंत डोकावण्याचा हक्क मिळाला. ‘हें असें कां चालतें?’ असें मुलानें विचारल्यास ‘तें कंपनीस ठाऊक’ असें उत्तर देण्याची पाळी त्याच्यावर येत नाहीं.

दुरुस्तीचा प्रश्नहि त्यांनीं शाळेबाहेर टाकला नाहीं. संगणक दुरुस्तीचीं शिबिरें भरविण्यांत आलीं आणि त्यांत शिक्षकांबरोबर विद्यार्थीहि बसले. जें यंत्र आपण उघडून पुन्हां जोडलें आहे त्याची भीति राहत नाहीं, आणि भीति गेली कीं कुलूपहि जातें. २००५ च्या जुलै महिन्याच्या २८ तारखेस राष्ट्रपति डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्तें ‘व्हिक्टर्स’ ही शैक्षणिक वाहिनी सुरू झाली. २०१७ सालीं ह्या सर्व खटाटोपास ‘काइट’ नांवाच्या सरकारी कंपनीचें रूप देण्यांत आलें. त्यानंतर २०१८ च्या आरंभीं खरी मोठी खरेदी निघाली : आठवी ते बारावीच्या ४,७५२ सरकारी व अनुदानित शाळांतील ४५,००० वर्गखोल्यांत लॅपटॉप, प्रोजेक्टर व इंटरनेट.

ह्या सनावळीकडे कृपा करून नीट लक्ष द्यावें. शिक्षक तयार करण्यास २००१ मध्यें आरंभ झाला आणि वर्गावर्गांत यंत्र २०१८ मध्यें पोंचलें. मध्यें सतरा वर्षें गेलीं. त्या सतरा वर्षांत यंत्रें मुळींच नव्हतीं असें नाहीं. संगणकांच्या खोल्या होत्या, विषय होता, दहावीस त्याची परीक्षाहि होती. पण मोठी खरेदी झाली तेव्हां ती वापरणारे हात तयार होते. त्याच वर्षीं ‘लिटल काइट्स’ नांवाचीं विद्यार्थिमंडळें माध्यमिक शाळांतून निघालीं. त्यांतील मुलें आज्ञावली रचणें, चलच्चित्रें करणें, यंत्रांची किरकोळ देखभाल ह्या गोष्टी शिकतात. अलीकडे ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ शाळेंत शिकवावी असा सर्वत्र घोष चालला आहे. केरळनें २०२४ सालीं त्या विषयांतहि पहिल्यानें हजारों शिक्षकांसच वर्गांत बसविलें.

केरळांत सारें आलबेल आहे असा मात्र कोणीं समज करून घेऊं नये. साथीच्या काळांत, १ जून २०२० रोजीं व्हिक्टर्सवरून पाठ सुरू झाले, तेव्हां ज्यांच्या घरीं दूरचित्रवाणी नाहीं व फोनहि नाहीं अशीं लक्षावधि मुलें असल्याचें उघडकीस आलें. मग वाचनालयें, अंगणवाड्या अशा ठिकाणीं एकत्र बसून पाहण्याची सोय धांवपळीनें करावी लागली. शाळेंतील योजना कितीहि उत्तम असली तरी ती घराच्या उंबरठ्याशीं थांबते, हें त्या वेळीं दिसून आलें. शिवाय त्या राज्यांत साक्षरता पूर्वापार अधिक, वस्ती दाट, शाळा रस्त्यावर. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या पाड्यावरील शाळेस तोच साचा जसाच्या तसा बसणार नाहीं. बसण्यासारखा आहे तो कामांचा क्रम.

तो क्रम उलटला असतां काय होतें ह्याचें उदाहरण दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशानें घालून दिलें. ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या घोषणेनें भारून जाऊन त्या देशानें २००८ पासून थोड्याच वर्षांत नऊ लाखांहून अधिक लॅपटॉप घेतले व दुर्गम खेड्यांपर्यंत पोंचविले. आंतर-अमेरिकन विकास बँकेच्या अभ्यासकांनीं ३१९ प्राथमिक शाळांत पाहणी करून २०१२ सालीं निष्कर्ष मांडला. मुलांगणिक संगणकांची संख्या अनेक पटींनीं वाढली होती, मुलें यंत्र हाताळण्यांत पटाईत झालीं होतीं. पण गणित व भाषा ह्या विषयांतील त्यांच्या गुणांत फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाहीं. शिकविण्याची पद्धत होती तशीच राहिली होती. गरीब देशाचा एवढा पैसा खर्चीं पडला हें वाचून मन विषण्ण होतें.

आतां कांहीं श्रोते मनांत म्हणत असतील, ‘एवढा आटापिटा कशासाठीं? आजकाल चार वर्षांचें पोरहि आजोबांस मोबाइल शिकवितें. शाळेनें वेगळें काय शिकवावयाचें?’ आक्षेप वजनदार आहे. त्याचें एक उत्तर पुन्हां इंग्लंडांतच मिळतें. बी. बी. सी. मायक्रोच्या पिढीनंतर तेथील शाळांतील संगणकविषय हळूहळू पत्र टंकणें, कोष्टकें मांडणें, चित्रें दाखविणें एवढ्यावर येऊन ठेपला होता. २०१२ च्या जानेवारींत रॉयल सोसायटी या जुन्या विद्वत्संस्थेनें अहवाल काढून ह्या शिक्षणाविषयीं तीव्र असमाधान व्यक्त केलें. २०१४ पासून अभ्यासक्रम बदलला. पांच वर्षांच्या मुलापासून पुढें ‘संगणक विचार कसा करतो’, म्हणजे एखादें काम लहान लहान निश्चित पायऱ्यांत कसें मोडावें, हें शिकविण्यास आरंभ झाला. फोन चालविणारें मूल गिऱ्हाईक असतें. त्याच्या समोरची बातमी खरी कीं बनावट, आपली माहिती कोण गोळा करीत आहे, पुढचें चित्र आपल्यालाच कां दाखविलें गेलें, हें त्यास अंगठ्याच्या चापल्यानें कळत नाहीं. गंमत अशी कीं, अभ्यासक्रम बदलल्यावर तो शिकविण्यास शिक्षक पुरेसे नाहींत हें तेथेंहि ध्यानांत आलें आणि २०१८ सालीं त्यासाठीं निराळें राष्ट्रीय केंद्र काढावें लागलें. मागाहून कां होईना, त्यांनाहि शिक्षकाकडेच वळावें लागलें.

दुसरें उत्तर आपल्या घराजवळचें आहे व तें मला अधिक महत्त्वाचें वाटतें. ‘असर’ या नांवानें प्रसिद्ध होणाऱ्या २०२३ च्या पाहणींत ग्रामीण भागांतील १४ ते १८ वर्षांच्या मुलांमुलींस फोनविषयीं विचारण्यांत आलें. दहांतील सुमारें नऊ घरांत स्मार्टफोन होता. पण ज्यांना तो वापरतां येतो अशांपैकीं स्वतःचा फोन सुमारें ४४ टक्के मुलग्यांजवळ होता, आणि मुलींपैकीं सुमारें २० टक्के मुलींजवळ. घरांत एकच यंत्र असलें कीं तें आधीं बापाच्या, मग भावाच्या हातीं जातें, आणि मुलीच्या वांट्यास तें येईतों रात्र झालेली असते. अशा मुलीस शाळेंतील संगणक हाच काय तो तिच्या हक्काचा संगणक. त्या निळ्या अक्षरांच्या खोलीस कुलूप लागलें म्हणजे मुलग्याचें थोडें नुकसान होतें, पण मुलीचें दारच बंद होतें.

यंत्रविद्या म्हणजे केवळ संगणक नव्हे, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. पुणें जिल्ह्यांतील पाबळ या गांवीं डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञानें १९८३ सालीं ‘विज्ञान आश्रम’ सुरू केला. मोठ्या कंपनींतील संशोधनाचें काम सोडून हा मनुष्य दुष्काळी टापूंत जाऊन राहिला. तेथून निघालेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा शालेय अभ्यासक्रम पुढें महाराष्ट्रांतील इतर शाळांतहि गेला. आठवडांतला एक दिवस मुलें हातानें काम करतात : लोखंड कापणें व जोडणें, विजेची जोडणी, शेती व जनावरें, अन्न व आरोग्य. केलेलें काम गांवाच्या उपयोगीं पडावें व त्याचा मोबदला मिळावा, हा त्यांतला विशेष. शिकविणाराहि पुष्कळदां त्याच पंचक्रोशींतला कसबी माणूस असतो. २००२ च्या सुमारास अमेरिकेंतील एम. आय. टी. या विद्यापीठाच्या सहकार्यानें संगणकाच्या साहाय्यानें वस्तु घडविण्याची प्रयोगशाळा पाबळांत निघाली, आणि ती कोणास उपरी वाटली नाहीं, कारण हातोडी व पकड मुलांच्या परिचयाचीच होती. माझी अशी समजूत आहे कीं, संगणक शिकण्याची खरी पूर्वतयारी अशा कामांत होते. ज्या मुलीनें शाळेच्या पंपाची मोटर खोलून पाहिली आहे, तिला संगणकाच्या पेटीचे चार स्क्रू काढण्यास कोणाची आज्ञा लागणार नाहीं.

योजना कोणीं करावयाची, हा प्रश्न राहतो. ती मुंबईंत किंवा दिल्लींत होते असें आपण धरून चालतों. परंतु २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेस व्यवस्थापन समिती नेमण्यास सांगितलें आहे. सरकारी शाळेच्या ह्या समितींत तीनचतुर्थांश सभासद पालक असावे लागतात व निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचें काम कायद्यानें ह्याच समितीकडे दिलेलें आहे. शाळेंतील किती शिक्षकांस ह्या विषयाचें प्रशिक्षण मिळालें, दुरुस्तीची वार्षिक तरतूद किती, जुन्या यंत्राचें निर्लेखन केव्हां होणार, आणि आमच्या पांचवीच्या मुलीस आठवड्यांतून किती वेळ कळफलकावर बसावयास मिळतें, हें सारें विचारण्याची व आराखड्यांत लिहून घेण्याची जागा ती आहे.

शहरांतल्या महानगरपालिकेच्या शाळांसहि हेंच लागू आहे. हें भाषण ऐकणाऱ्या बहुतेकांचीं मुलें त्या शाळांत नाहींत, हें मला ठाऊक आहे. पण आपल्या घरीं धुणेंभांडीं करावयास येणाऱ्या बाईंचीं असतात, आणि पुष्कळदां त्या समितीवर सभासदहि असतात. आपण त्यांना कधीं विचारलेलें नसतें एवढेंच. त्यांच्याशीं एकदां ह्या प्रश्नांविषयीं बोलावें, हवे तर ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे. समितीच्या बैठका दिवसाउजेडीं, शाळेच्या वेळांत भरतात. नेमक्या त्याच वेळीं बाई आपल्या स्वयंपाकघरांत असतात. त्या दिवशीं त्यांस पगार न कापतां दोन तासांची सुटी द्यावी लागेल.